म्हशीसकट बेपत्ता

निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरायला गेलो की ओळखीचे लोक विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात गाजलेली केस कुठली?" गाजलेल्या केसेस वर्तमानपत्रात आल्या, त्या त्यांनी वाचल्याच आहेत. माझ्या डोक्यातून जी जात नाही ती कुठंच छापून आली नाही. तिच्यात रक्त सांडलं नाही, कुणाला बेड्या पडल्या नाहीत, कोर्टाची पायरीही कुणी चढलं नाही. तरी ती आठवली की मी एकटाच हसतो.

तेव्हा मी पुण्याच्या पश्चिम टोकाच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. आमची हद्द म्हणजे नुसती खिचडी. एकीकडे उंच उंच सोसायट्या, तर दुसरीकडे अजून ग्रामपंचायत असलेली दोन-तीन गावं. पोलीस पुणे शहराचे आणि कारभार ग्रामपंचायतीचा. चोरी झाली की लोक आमच्याकडे यायचे, गटार तुंबलं की ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही की गटारासाठीही आमच्याकडेच यायचे, ती गोष्ट वेगळी.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव घेत नाही. कुणाचंच घेणार नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी. हमरस्त्याला लागून गावठाण, त्यात मारुतीचं देऊळ, शाळा आणि ग्रामपंचायतीची दोन खोल्यांची कचेरी. गावठाण संपलं की जमीन एकदम खाली उतरते आणि ओढा लागतो. ओढ्यापलीकडे डोंगराच्या अंगाला एक वस्ती, चाळीसेक उंबरे असतील. गावठाणातले लोक तिला नुसतं 'पलीकडं' म्हणायचे. वस्तीला नाव होतं, पण ते मतदार यादीपुरतं. ओढ्यावर पूल नव्हता. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत जायचं, एरवी गुडघाभर पाण्यातून, आणि पावसाळ्यात ओढ्याची मर्जी असेल तर. गाडी पलीकडे जायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे गाडीत बसणारी माणसं पलीकडे जात नसत.

ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली होती. सरपंच थेट लोकांतून न निवडता सदस्यांमधून निवडायचा, असा त्या वेळी नियम होता. सदस्य एकूण सात. तीन एका पॅनेलचे, तीन दुसऱ्या पॅनेलचे आणि एक अपक्ष. पहिल्या पॅनेलचे म्होरके म्हणजे आप्पा, वय झालेले, धोतर-टोपीतले, गावात दोन पिढ्यांचा वट. दुसऱ्याचे म्होरके शेठ, चाळिशीचे, प्लॉटिंगच्या धंद्यात वर आलेले, पांढरेशुभ्र कपडे आणि त्याहून पांढरे बूट. दोघांनाही सरपंच व्हायचं होतं, आणि दोघांचीही नाडी त्या एका अपक्षाच्या हातात होती.

निवडीच्या दोन दिवस आधी दुपारी आप्पा पाच-पन्नास माणसं घेऊन ठाण्यात आले. जेवणाची वेळ होती. डबा उघडून पहिला घास घेतला की बाहेर गलका सुरू व्हायचाच, हा माझा उभ्या नोकरीतला अनुभव आहे. 

"साहेब, आमचा सदस्य पळवला," आप्पा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "शेठनं काल भर दिवसा गाडीत घालून नेला. अपहरणाचा गुन्हा दाखल करा."

"तुमचा सदस्य?"

"म्हणजे अपक्ष हाय तो. पण आमच्या विचाराचा हाय."

ठाणे अंमलदारानं तक्रार लिहायला घेतली. बेपत्ता व्यक्तीचं नाव, वय, वर्णन, अंगावरचे कपडे. आप्पांनी सगळं सांगितलं. पुरुष, वय पस्तीस, रंग सावळा, चौकटीचा शर्ट. त्या गावाचा बीट आमच्या एका जुन्या हवालदाराकडे होता. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तिथला अपक्ष सदस्य म्हणजे बाई आहे. हे तिचे मालक."

मी आप्पांकडे पाहिलं. "अहो आप्पा, निवडून कोण आलंय?"

"त्याची बायको."

"मग पळवलंय कुणाला?"

"त्याला."

"मग सदस्य कुठे पळवला?"

आप्पांना माझा प्रश्नच कळेना. पन्नास माणसांपैकी एकालाही कळला नाही. "साहेब, आता बाई निवडून आली म्हणजे तोच सदस्य की," मागून एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू मीच परमुलखातून आलो होतो. पोस्टरवर बाईच्या फोटोशेजारी नवऱ्याचा फोटो मोठा, गुलाल नवऱ्याच्या डोक्यावर, सत्काराची शाल नवऱ्याच्या खांद्यावर. सगळं गाव त्या गृहस्थाला 'मेंबर' म्हणून हाक मारायचं. रागवावं की हसावं, मला समजेना.

पण माणूस गायब झाला होता हे खरं, तेव्हा शोध घेणं भाग होतं. फोन बंद. आमच्या पोरांनी टॉवर लोकेशन वगैरे सुरू केलं, तोवर मी जुन्या पद्धतीनं एका मटणवाल्याला फोन लावला. निवडणुकीच्या दिवसांत मटणवाल्याइतका खात्रीचा खबऱ्या नाही. तो म्हणाला, "साहेब, शेठचा ड्रायव्हर सकाळीच आला होता. अख्खा बोकड घेतला, आणि इतक्या लांब नासणार तर नाही ना, असं विचारत होता. पानशेतच्या बाजूला चाललोय म्हणाला."

धरणाच्या पाण्याकाठी एक फार्महाऊस होतं, तिथं आमची गाडी पोचली तेव्हा अपहृत इसम पत्ते खेळत होता. बनियनवर, मांडी घालून. शेठच्या पॅनेलचे तीनही सदस्य तिथंच होते. त्यातल्या एक बाई असल्यामुळे त्यांच्या वतीनं त्यांचे चिरंजीव आले होते. पोलीस पाहून आमच्या 'मेंबर'नं हातातली पानं आधी नीट उलटी ठेवली, मग उठला.

त्याला ठाण्यात आणून मी समोर बसवलं. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी खूप पाहिलेत. माझा अनुभव असा, की माणसाला चहा दिला आणि आपण गप्प बसलो तर तो आपणहून बोलतो, कारण त्याला शांतता सोसत नाही.

"मी माझ्या राजीखुशीनं गेलतो सायेब," अर्धा चहा झाल्यावर तो म्हणाला. "शेठनं शब्द दिलाय. उपसरपंचपद घरात, आन् गावातल्या रस्त्यांवर मुरूम टाकायचं काम मला."

"आणि मंडळी?"

"ती घरी हाय की."

"तिला का नाही नेलं?"

"बाईमाणसाला कुठं न्यायचं तिथं? पत्ते, मटण... बरं दिसतं का ते? निवडीच्या सकाळी गाडी जाईल घरी. ती गाडीतनं उतरल, हात वर करल, परत गाडीत बसल."

"तिला विचारलंत?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला म्हशीला विचारून धार काढता का, असं विचारलं होतं. पुढे काय होणार होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर हा विचार मी मनातसुद्धा आणला नसता.

त्याच्यासमोरच मी बाईंना फोन लावायला सांगितलं. फोन बंद. शेजारच्या घरी लावला. शेजारीण म्हणाली, घराला कडी हाय, कालपासनं दिसल्या न्हाईत. 'मेंबर' उरलेला चहा तसाच टाकून उठला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर दोन्ही पॅनेलं हजर. आप्पा म्हणे, शेठनं बाईला पळवलं. शेठ म्हणे, आप्पांनी. नवरा दोघांवरही संशय घेऊन मोकळा. आदल्या दिवसापर्यंत जिची आठवण कुणालाही नव्हती, तिच्यासाठी सगळं गाव कासावीस झालं होतं. वरून फोन सुरू झाले. एक फोन आप्पांच्या बाजूच्या पुढाऱ्याचा, दुसरा शेठच्या बाजूच्या. दोघांचंही वाक्य एकच होतं, "बाई सापडली की आधी आम्हाला कळवा." तिच्या जिवाला काही बरंवाईट तर नाही ना, हे एकानंही विचारलं नाही.

मला मात्र त्याचीच काळजी होती. एका मतावर सत्ता अडली की माणसं कुठल्या थराला जातात, हे मी पाहिलेलं होतं. बाईची मिसिंग नोंदवली. एक पथक तिच्या माहेरी, शिरूरच्या पुढे पाठवलं. तिथं ती नव्हती. नातेवाइकांकडे बिबवेवाडीला गेले, येरवड्याला गेले. नव्हती. एसटी स्टँड, रिक्षावाले, दवाखाने, सगळं पालथं घातलं. शेठची चौकशी मी स्वतः केली.

"सर, आय स्वेअर," शेठ कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मला ती पाहिजे असती तर मी नवऱ्याला कशाला मटण खाऊ घातलं असतं? तिलाच नेलं असतं ना! माझी स्ट्रॅटेजीच चुकली."

खोटं बोलणारा माणूस स्वतःला मूर्ख ठरवत नाही. शेठनं बाईला नेलं नव्हतं, हे मला तिथंच पटलं. आप्पांनीही नेलं नव्हतं, कारण तसं असतं तर ते माझ्या ठाण्यात न बसता मारुतीला नारळ फोडत बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महिला हवालदाराला घेऊन गावात गेलो. तपासात अडलं की जिथून सुरुवात झाली तिथं जाऊन उभं राहावं, ही माझी सवय. गल्लीत बायका नळावर होत्या. मी विचारलं, "ताई, सदस्य कुठे दिसले का?"

"सदस्य व्हय?" एक म्हातारी हंडा न उचलता म्हणाली. "ते गेलते की पत्ते खेळाय."

सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या. हसू पाहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ज्या बाईच्या जिवाला धोका आहे, तिच्याबद्दल शेजारणी अशा हसत नाहीत. या सगळ्यांना काहीतरी माहीत होतं, आणि गावातल्या एकाही पुरुषाला माहीत नव्हतं. विचारून त्या सांगणार नव्हत्या, तेव्हा मी विचारलंही नाही.

नवऱ्याला बोलावून घर उघडून पाहिलं. भांडी घासून पालथी घातलेली, चूल सारवलेली, देवापुढं रांगोळी. झटापटीची खूण नाही. मग मी मागच्या दारानं गोठ्यात गेलो. गोठा रिकामा होता. दावं नाही, दुधाची चरवी नाही, पेंडीचं पोतंही नाही.

"इथं जनावर कुठलं होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"म्हैस हाय आमची. मुऱ्हा." तो गोठ्यात आला आणि जागच्या जागी थांबला. कालपासून बायको शोधत होता, पण गोठ्यात काही डोकावला नव्हता. "आयला! म्हैस पण चोरली?"

"धार कोण काढतं तिची?"

"तीच. दुसऱ्याला हातच लावू देत न्हाई. मला एकदा लाथ घातलीय."

मी तिथंच गव्हाणीच्या कडेवर बसलो आणि मनापासून हसलो. नोकरीत अपहरणाच्या कितीतरी केसेस हाताळल्या. बाई पळवणारे पाहिले, म्हैस पळवणारेही पाहिले. पण बाईला म्हशीसकट, चरवी आणि पेंडीसकट पळवणारा अजून जन्माला यायचा आहे. बाई आपल्या पायांनी गेली होती, ठरवून, सामानसुमान बांधून. आणि म्हैस घेऊन ती हमरस्त्यानं गेली असती, तर चौकातल्या निम्म्या माणसांनी पाहिलं असतं. म्हैस रिक्षात बसत नाही. म्हणजे उरली एकच दिशा. गोठ्यामागची पायवाट सरळ खाली ओढ्याकडे उतरत होती.

"पलीकडं कोण राहतं तुमचं?"

"पलीकडं?" त्यानं असा चेहरा केला, जणू मी परदेशाचं विचारलं. "बहीण दिलीय तिकडं. पण तिथं कशाला जाईल ती?"

आमची माणसं शिरूरपर्यंत जाऊन आली होती. धरण झालं, येरवडा झालं. ओढा मात्र कुणी ओलांडला नव्हता, कारण तिथं गाडी जात नव्हती.

मी बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो. महिला हवालदार माझ्या पुढेच होती. पाणी थंडगार होतं, तळाचे दगड शेवाळलेले. एकदा पाय घसरला तेव्हा तिनंच माझा दंड धरला. पलीकडे चढण चढून वर आलो, तर पहिल्याच घराच्या अंगणात बाभळीखाली मुऱ्हा म्हैस रवंथ करत बसलेली. शेजारी आमच्या बेपत्ता व्यक्ती वैरण कापत होत्या.

वय तिशीच्या आत-बाहेर, अंगानं किरकोळ. मला पाहून उठल्या, पदर नीट केला, आणि घाबरल्या अजिबात नाहीत. "या सायेब. काल येताल वाटलं होतं," म्हणाल्या.

सतरंजी टाकली. त्यांची नणंद आतून चहा घेऊन आली. मी विचारलं, "ताई, तुम्हाला कुणी धमकी दिली का? कुणी इथं आणलं का?"

"कुणी न्हाई. मी आली."

"मग फोन का बंद?"

"चालू ठिवला असता तर कुणी ना कुणी गाडी घिऊन आलं असतं, आन् मला पण घातलं असतं त्या फार्महाऊसवर. गाडीतनं उतर, हात वर कर, गाडीत बस. त्यासाठी निवडून आले व्हय मी?"

मग त्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंद दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आदल्या वर्षी पावसाळ्यात तिचे दिवस भरले होते. दुपारी कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणलं, आणि ओढा दोन्ही थड्या धरून वाहत होता. पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर बसून राहिले. समोर गावठाणातली घरं दिसत होती, हमरस्त्यावरून जाणारी ॲम्ब्युलन्सही दिसत होती. पाणी उतरेपर्यंत उशीर झाला. ती वाचली, मूल गेलं.

"रडलं पण न्हाई सायेब," नणंद एवढंच बोलली. पोरगी होती का पोरगा, ते मला विचारवलं नाही.

पोलिसाला असल्या वेळी कलम आठवतं. इथं लावायला कलमही नव्हतं.

"वस्तीनं मला मत दिलं ते साकवासाठी," बाई म्हणाल्या. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल. "मी दारोदार हेच सांगितलं होतं, साकव करीन. गुलाल ह्यांच्या डोक्यावर पडला आन् साकव ऱ्हायला बाजूला. ह्यांनी माझं मत मुरमावर दिलं. शेठला विचारलं न्हाई, आप्पांना विचारलं न्हाई, का बाबांनो साकव करताल का. त्या दोघांनी तर वस्ती कधी बघितली पण न्हाई. मत मागाय आले ते ओढ्याच्या अलीकडनंच हात जोडून गेले."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"त्यांना सांगा, मी हितं हाय. ज्याला माझं मत पाहिजे त्यानं हितं यावं. चालत."

कायद्यानं माझं काम तिथंच संपलं होतं. सज्ञान बाई स्वखुशीनं नणंदेकडे राहिली आहे, तसा जबाब महिला हवालदारानं लिहून घेतला आणि मिसिंग बंद झाली. बाईंच्या सुरक्षेसाठी मी त्या हवालदाराला वस्तीतच ठेवलं. बाकीचं मी केलं नसतं तरी चाललं असतं. पण स्पष्ट सांगतो, त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. मी ओढा ओलांडून परत आलो, आप्पांना आणि शेठना ठाण्यात बोलावलं आणि दोघांनाही एकाच वेळी निरोप दिला. आधी कुणाला कळवायचं, हा वरच्या फोनांचा प्रश्नही त्यामुळे मिटला.

"चालत?" शेठ म्हणाले.

"पोहत गेलात तरी माझी हरकत नाही," मी म्हटलं. "एकच बजावतो. बरोबर माणसं न्यायची नाहीत. तुम्ही दोघे आणि आमचा एक शिपाई. आवाज चढला तर दोघांनाही आत घेईन."

त्या दुपारचं दृश्य पाहायला गावठाण ओढ्याच्या काठावर लोटलं होतं. बायका सगळ्यांत पुढे. आप्पांनी धोतर खोचलं, काठी घेतली आणि उतरले. शेठ काठावर घुटमळले, मग ते पांढरे बूट काढून हातात घेतले. ओढ्याच्या मध्यावर आप्पांचा गुडघा दगा देऊ लागला, काठी दगडावरून सटकली. शेठनं बूट टाकले आणि म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. एक बूट वाहत निघाला, तशी काठावरून कुणीतरी ओरडलं, "शेठ, बूट पानशेतला चालला!" मलाही तोंड फिरवून हसावं लागलं.

"च्यायला, रोज असं जाताय का रं पलीकडची?" आप्पा पाण्यात उभं राहूनच म्हणाले.

पुढचं मला वस्तीत थांबलेल्या महिला हवालदारानं नंतर सांगितलं. अंगणात बाईंनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. अट एकच होती. सरपंच कुणीही होवो, पहिल्या सभेतला पहिला ठराव साकवाचा, आणि जो हरेल त्यानंही त्या ठरावाच्या बाजूनं हात वर करायचा. शेठ म्हणाले, "करू की, फंड बघून." बाईंनी नुसतं नणंदेला बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर उभं केलं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना ती गोष्ट ऐकून माहीत होती, पण त्या पोरीचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. "तुझ्या गळ्याशपथ पोरी, करतो," म्हातारा म्हणाला. मग शेठनंही फंडाचं नाव काढलं नाही.

निवडीच्या सकाळी मी स्वतः बंदोबस्ताला होतो. शेठचे सदस्य गाडीतून आले, आप्पांचे देवळातून. बाई वस्तीतल्या बायकांबरोबर ओढ्यातून चालत आल्या, पातळाचा काठ ओला, पायाला चिखल. नवरा कचेरीच्या दारात इस्त्रीचे कपडे घालून तयार होता. सवयीनं तो बाईंच्या पुढे आत शिरायला लागला.

"अहो, आपण कुठे?" मी विचारलं.

"आत. मीटिंगला."

"सदस्य आहात?"

नळावरची ती म्हातारी मागे उभीच होती. "सोडा की सायेब, बाकी तिन्ही पत्त्यातले भिडू आत गेल्यात," ती म्हणाली. तो ओशाळला, हसला, आणि पारावर जाऊन बसला. खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नव्हता. आजवर कुणी त्याला तो प्रश्न विचारलाच नव्हता, एवढंच. तेवढ्यात आतून शेठच्या पॅनेलच्या चिरंजीवांनाही बाहेर काढलं गेलं, कारण निवडीचं काम पाहणाऱ्या अध्यासी अधिकाऱ्यांनी त्यांच्या मातोश्रींना बोलवा म्हणून सांगितलं. मातोश्रींना घरून आणेपर्यंत सभा खोळंबली.

बाईंनी गुप्त मतदानाची मागणी केली. निकाल लागला चार विरुद्ध तीन. कोण सरपंच झालं ते सांगत नाही, कारण नावं घ्यायची नाहीत असं ठरवलंय. आणि बाईंचं मत कुणाला पडलं हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांचं मत पडलं नसतं तर तीन-तीन झाले असते, हे गणित सगळ्यांना येत होतं. पण हरलेल्या पॅनेलला आपलाच एखादा माणूस फुटल्याचा संशय होता, आणि ते कोडं बाईंनी कधी सोडवलं नाही. नवऱ्यानं म्हणे खूप विचारलं. त्या म्हणाल्या, म्हशीला विचारा.

पहिल्या सभेत साकवाचा ठराव सातही हात वर होऊन मंजूर झाला. कामाला वेळ लागला, दोनदा अडलं, दोन्ही वेळा आप्पा आणि शेठ एकाच गाडीतून जिल्हा परिषदेत गेले. पावसाळ्याच्या आधी साकव उभा राहिला. उद्घाटनाचा नारळ नणंदेच्या हातून फोडला. मला बोलावणं होतं. मी गणवेशात गेलो आणि बूट न काढता ओढा ओलांडला.

तपास कसा करावा यावर आता मला कधीमधी नव्या पोरांसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो, बेपत्ता माणूस कुठे गेला हे नंतर विचारा. आधी विचारा, तो कुणाला हवा आहे आणि कशासाठी हवा आहे. हात हवा असणारे माणसाला शोधत नाहीत, हात शोधतात. आणि आपली गाडी जिथं जात नाही तिथं आधी जा. पोरं लिहून घेतात. म्हशीचं सांगितलं की हसतात.

मध्यंतरी ते गाव महानगरपालिकेत गेलं. ग्रामपंचायत बरखास्त झाली. त्या दोन खोल्यांत आता पालिकेचं आरोग्य केंद्र की काय आहे. मी वारज्यात राहतो, त्यामुळे एका रविवारी सहज तिकडे गेलो. साकवावरून शाळेची मुलं सायकली हाणत होती. पलीकडच्या पहिल्या घरापुढे नणंद एका छोट्या मुलीची वेणी घालत होती. ती मुलगी दोन्ही पाय हलवत मला न्याहाळत राहिली. मला फार बरं वाटलं.

बाई तिथंच भेटल्या. म्हैस म्हातारी झाली म्हणाल्या, पण अजून नवऱ्याला लाथ मारते. चहा झाला. मी विचारलं, "मग काय ताई, आता तुम्ही पुणेकर! कसं काय?"

"बरं हाय. कचऱ्याची गाडी येते." त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. साकवाचा एक कठडा तुटला होता, तिथं बांबू बांधलेला. "हे दुरुस्त करा म्हणून किती येळा सांगितलं. मोबाइलवर तक्रार करा म्हणत्यात. वॉर्ड मोठा झालाय सायेब, लाखभर माणूस. त्यात आमची चाळीस घरं."

"मग पुन्हा म्हैस घेऊन गायब व्हा की," मी गमतीनं म्हटलं.

त्या हसल्या. मग कपबश्या गोळा करत, मान खाली घालूनच म्हणाल्या, "तवा एका हातावर अडलं होतं म्हणून तुमच्या गाड्या शिरूरपर्यंत गेल्या. आता मी गायब झाले, तर शोधाय कोण येणार?"

परत येताना मी साकवावर थांबलो, बांबू बांधलेल्या कठड्याशी. खिशातून मोबाइल काढून तक्रार नोंदवायला घेतली. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, 'तुमचा तक्रार क्षेत्राशी संबंध काय?' दिलेल्या पर्यायांत रहिवासी होता, दुकानदार होता. माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी 'रहिवासी' दाबलं.